दीड कट्टा सोयाबीन विकून प्रोटीनचा डबा घ्यावा का?

दर्यापूर तालुक्यातल्या एका पोराचं पत्र आलंय. नाव टाकत नाही, त्यानंच नको म्हटलंय. पत्र त्याच्याच शब्दात देते, थोडं कमी करून.

"ताई, माझं वय २१, वजन ५८ किलो. पोलीस भरतीची तयारी करून राहिलो. छाती न फुगवता ७७ भरते, ७९ लागते. दोन महिन्यापासून तालुक्याच्या गावी जिममध्ये जातो. तिथले सर म्हणते वजनाच्या तिप्पट ग्रॅम प्रोटीन रोज पोटात गेलं पाहिजे, नाही तर सारी मेहनत पाण्यात, अन् ३२०० चा डबा घे. आमचं घर माळकरी, अंडं-मटण चालत नाही. बाबा म्हणते दीड कट्टा सोयाबीन विकून डबा घेऊन देतो. आई म्हणते पावडरनं किडन्या जाते, आपले लोक वरण-पोळी खाऊनच धिप्पाड झाले. मित्र म्हणते सोयाबीन खाल्लं तर पोरीसारखी छाती येते. कोणाचं ऐकू?"

भाऊ, बाबांना आधी सांग की थांबा, कट्टे विकू नका. तुझ्या बाबांची माया मला समजते, पोराची भरती व्हावी म्हणून बाप काहीही विकायला तयार असतो, पण इथं एक हिशोब करून पाहा. दीड कट्टा म्हणजे धर पाऊण क्विंटल, ७५ किलो. सोयाबीनच्या शंभर ग्रॅममध्ये ३५-३६ ग्रॅम प्रोटीन असतं. म्हणजे त्या दीड कट्ट्यात सव्वीस-सत्तावीस किलो प्रोटीन आहे. आणि एक किलोचा डबा आणला, अगदी चांगल्यातला आणला, तरी त्यात पाऊण किलोच्या आसपास. सव्वीस किलो देऊन पाऊण किलो घरी आणायचं, हा व्यवहार मला काही पटत नाही. सोयाबीन जसंच्या तसं खाता येत नाही हे खरं, त्याची रीत आहे, ती पुढं सांगते.

आता तिप्पटचं पाहू. तिप्पट म्हणजे तुला दिवसाला १७४ ग्रॅम. एवढं कोणालाच लागत नाही रे, स्पर्धेत उतरणाऱ्या पहिलवानालाही सहसा नाही. २०१८ मध्ये एक मोठा आढावा आला होता, वजनं उचलणाऱ्या लोकांवर झालेले ४९ अभ्यास, १८०० च्या वर माणसं, सगळ्यांचे आकडे एकत्र करून पाहिले. त्यात दिसलं की किलोमागे १.६ ग्रॅमपर्यंत प्रोटीन वाढवलं तर स्नायूंना फायदा होतो, त्याच्या वर गेलं की सरासरीनं काही वाढत नाही. अगदी सावधपणे धरायचं तर २.२ पर्यंत जा म्हणतात, पण तो शेवटचा काठ. म्हणजे तुझ्या ५८ किलोला ९०-९५ ग्रॅम. बस. १७४ खाल्लं तर वरचं प्रोटीन अंगावर स्नायू होऊन चढत नाही, शरीर ते बाकीच्या खाण्यासारखं जाळतं, आणि तुझे पैसे जळतात ते वेगळे.

त्याच आढाव्यातली अजून एक गोष्ट तुझ्या जिममधल्या सरांना जरूर सांग. जास्तीचं प्रोटीन घेणाऱ्यांच्या अंगावरचं मांस, ते न घेणाऱ्यांपेक्षा, सरासरी ३०० ग्रॅमनं जास्त वाढलं होतं, तेही कित्येक आठवड्यांच्या व्यायामानंतर. बाकीचं सारं काम वजन उचलण्यानं केलं होतं. म्हणून "प्रोटीन नाही तर सारी मेहनत पाण्यात" हे साफ चूक आहे, मेहनत पाण्यात जात नाही, मेहनतीनंच होतं, प्रोटीन त्याला साथ देतं.

आता आईचं. आई अर्धी बरोबर आहे आणि ते मी मनापासून म्हणते. आपल्या देशात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं साध्या निरोगी माणसासाठी सांगितलेला आकडा आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम, तुझ्या वजनाला ४८. तेवढं तुझ्या ताटात बहुतेक येत असेल. दिवसभरात सहा पोळ्या म्हटलं तर बावीसेक ग्रॅम, भात आठ, दोन वेळचं वरण बारा-तेरा, मूठभर फल्लीदाणे सहा, चहातलं दूध धरून तीनेक. झाले की पन्नास-बावन्न. पण ते जगायला अन् शेतात राबायला. तू सकाळी १६०० मीटर पळतो, मग शेतात जातो, मग संध्याकाळी वजनं उचलतो, आणि वरून छाती वाढवायची म्हणतो, त्याला पन्नास पुरत नाही. तुला चाळीस ग्रॅम अजून पाहिजे. एवढाच प्रश्न आहे सारा, चाळीस ग्रॅम कुठून आणायचे.

आणि इथंच मला वरणाबद्दल बोलायचंय, कारण घरोघरी हीच चूक पाहते मी. मागच्या दिवाळीत माहेरी गेली होती, सोबत छोटा वजनकाटा होता माझा, कामाचाच. आई स्वयंपाक करत होती, सहा माणसांचं वरण. डब्यातून एक वाटी दाळ काढली तिनं, मी म्हटलं थांब आई, अन् काट्यावर ठेवली. १४० ग्रॅम. सहा माणसं. म्हणजे एकाच्या वाट्याला तेवीस ग्रॅम कोरडी दाळ, त्यात प्रोटीन पाच ग्रॅम. वाटी तर पूर्ण भरलेली दिसते ना ताटात, पिवळीजर्द, वरून तूप, जिरं-हिंगाची फोडणी, सांभार म्हणजे कोथिंबीर टाकलेली, पण आत सगळं पाणी. आई काट्याकडं पाहतच राहिली, म्हणे, "एवढीशीच होय? मले तं वाटे पोरायले लय दाळ खाऊ घालतो मी." तिची काहीच चूक नाही, माणसं वाढली की पाणी वाढवायची सवय आपल्या बायकांच्या हाताला कित्येक वर्षं लागलेली आहे, दाळ महाग अन् खाणारी तोंडं जास्त. पण तुझ्या घरी तर तूर शेतातच असेल. म्हणून पहिलं काम हे, वरण घट्ट होऊ दे. तुझ्या एकट्याच्या वाट्याला दिवसाला अजून तीस ग्रॅम दाळ, म्हणजे साधारण एक छोटी मूठ, म्हणजे साडेसहा ग्रॅम प्रोटीन वाढलं. पातोडी कर म्हण आईला, मुंगवड्याची भाजी कर म्हण, घट्ट झुणका कर म्हण, आपल्या वऱ्हाडात दाळीचे प्रकार काय कमी आहेत का.

दुसरं फुटाणे. जिमला जाताना खिशात ५० ग्रॅम फुटाणे ठेव, सालासकट, दहा ग्रॅम तिथं झाले. गूळ आवडत असेल तर गुळाचा खडा घे सोबत, पळणाऱ्या पोराला ती ताकद लागतेच. आपल्याकडं आखाड्यातली पोरं भिजवलेले हरभरे खात आलीच आहेत, अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तेव्हा कुठं होते डबे. भिजवलेले खाल्ले तरी चालतात, फक्त मोड आले म्हणून प्रोटीन दुप्पट होतं असं जे सांगतात ते खरं नाही, दाणा पाण्यानं फुगतो एवढंच, पचायला मात्र हलका होतो.

तिसरं दूध. घरी म्हैस असेल तर पाव लिटर दूध रात्री, नऊ ग्रॅम. डेअरीला सारं घालू नका, पोरासाठी एक गिलास मागं ठेवा. दही-ताक असेल तर तेही घे, पण ताक पाणीच जास्त असतं, त्याच्यावर भरवसा ठेवू नको.

आता चौथं, सोयाबीन, आणि इथं मी जरा लांबण लावणार आहे कारण आपल्या भागात गोष्ट मोठी आहे. आपण एकरानं सोयाबीन पेरतो, मळतो, मार्केटला नेतो, तेलाच्या कारखान्यात तेल निघतं, उरलेली ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते, अन् आपल्या घरच्या डब्यात एक दाणा नसतो. किराणा दुकानात सोयाबीन वडी मिळते ना, ती तेल काढल्यावर जो पेंडीचा भाग उरतो त्याच्याच पिठाची असते, म्हणून तिच्यात शंभर ग्रॅमला पन्नास ग्रॅमच्या वर प्रोटीन असतं. तीस ग्रॅम कोरडी वडी, म्हणजे एक मोठी मूठ, गरम पाण्यात फुगवून, दाबून पाणी काढून, आलू-टमाटरच्या रश्श्यात टाकली तर पंधरा ग्रॅम तिथंच मिळाले. त्या ३२०० रुपयांत सुटी वडी वर्षभर रोज खाल्ली तरी पैसे उरतील.

घरचं सोयाबीन खायचं असेल तर नीट ऐक. कच्चं किंवा अर्धवट भाजलेलं खाऊ नको, त्यात प्रोटीन पचू न देणारा एक घटक असतो, तो चांगल्या उष्णतेनंच मरतो. रात्रभर भिजव, सकाळी ते पाणी फेक, सालं चोळून काढ, अन् ताज्या पाण्यात अर्धा तास चांगलं उकळ. मग खडखडीत वाळवून दहा किलो गव्हात एक किलो या मापानं दळायला दे. पोळीच्या चवीत फार फरक पडत नाही, आणि रोजच्या तुझ्या सहा पोळ्यांत पाचेक ग्रॅम प्रोटीन आपसूक वाढतं, साऱ्या घराचंच वाढतं. आई-बाबांचंही. आणि एक, हे फार महत्त्वाचं, पेरणीतून उरलेलं बियाणं चुकूनही खाण्यात घेऊ नको. बीजप्रक्रिया केलेलं असतं ते, गुलाबी-लाल रंग दिसतो, बुरशीनाशक लावलेलं असतं, धुऊन जात नाही. घरात कट्टे शेजारी शेजारी ठेवलेले असतात अन् घाईत हात कुठंही पडतो. खायचं सोयाबीन वेगळ्या डब्यात काढून ठेवा, आजच.

छाती येण्याचं तुझ्या मित्रांनी सांगितलेलं मनातून काढून टाक. पुरुषांवर झालेले अभ्यास एकत्र करून दोनदा पाहिलं गेलं, २०१० ला आणि परत २०२१ ला, सोयाबीननं ना पुरुषांचं हार्मोन कमी झालं ना बायकांचं वाढलं. दिवसाला मूठभर वडीनं काही होत नाही.

माळकरी आहे म्हणून मांस चढणार नाही ही भीती तुझ्या पत्रात सरळ नाही लिहिलेली, पण ओळींच्या मधून दिसली मला. ब्राझीलमध्ये २०२१ साली आलेला एक अभ्यास आहे. तरणी पोरं, अर्धी अजिबात मांस-दूध-अंडं न खाणारी, अर्धी सगळं खाणारी. दोघांचंही प्रोटीन किलोमागे १.६ वर आणलं, एकांना सोयाबीनचं, दुसऱ्यांना दुधाचं, अन् बारा आठवडे पायाचा व्यायाम करून घेतला. स्नायू अन् ताकद दोन्हीकडं सारखीच वाढली. तू तर दूध घेतो वरून. गळ्यातली माळ अन् दंडातलं मांस यांचं काही भांडण नाही. फक्त दाळ अन् धान्य दोन्ही दिवसभरात पोटात जाऊ दे, कारण गहू-ज्वारीत लायसिन नावाचा जो भाग कमी असतो तो दाळीत भरपूर असतो, अन् दाळीत जे कमी ते धान्यात. वरण-पोळी, झुणका-भाकर हे जोड काही उगाच पडलेले नाहीत.

हो, अन् पोळ्या कमी करू नको. जिममध्ये कोणीतरी नक्की सांगेल की कार्ब, म्हणजे पोळी-भात, बंद कर. तू ५८ किलोचा, दिवसभर राबणारा, तुझं पोटच भरलं नाही तर खाल्लेलं प्रोटीन शरीर चुलीत घालेल, मांस कुठून बनवेल. पोटभर खा, फल्लीदाणे खा, केळी खा, भाकरीवर तेल-तूप घे.

सकाळचं मात्र बदल. मला खात्री आहे की तू चहा-टोस खाऊन पळायला जातो अन् मग थेट अकरा-बारा वाजता जेवतो. पळून आल्यावर लगेच काहीतरी दाळीचं किंवा दुधाचं खा, मुगाच्या दाळीचे धिरडे, रात्रीचं घट्ट वरण-पोळी, दूध-फुटाणे, काहीही. दिवसाचं प्रोटीन तीन-चार वेळात वाटून वीस-पंचवीस ग्रॅम आलं की झालं. व्यायाम झाल्यावर अर्ध्या तासात घेतलंच पाहिजे वगैरे तसं काही नाही, घरी येऊन जेवलास तरी चालतं. आणि हे सगळं एका दिवसात सुरू करू नको, पोट फुगेल, गॅस होईल, मग म्हणशील ताईनं काय सांगितलं. पहिला आठवडा फुटाणे अन् दूध, दुसऱ्यापासून वडी, अशानं जा.

छातीचं सांगते. ७९ न फुगवता लागते आणि फुगवून पाच सेंटीमीटर जास्त. फुगवण्याचे पाच हे मांसाचं काम नाही, श्वासाचं अन् बरगड्या मोकळ्या असण्याचं आहे, रोज दहा मिनिटं खोल श्वास अन् खांदे मागं नेण्याचा सराव कर. न फुगवता जे दोन सेंटीमीटर कमी पडतात ते जोर अन् पाठीच्या व्यायामानं येतील, टेप तर पाठीवरूनही जातो ना, पोरं फक्त समोरचं पाहतात. आठवड्यातून तीन दिवस वजनं, दर आठवड्याला थोडं वजन किंवा एक-दोन जोर जास्त, वहीत लिहून. नवीन पोराचं महिन्याला अर्धा ते एक किलो वजन चांगलं वाढलं म्हणजे खूप झालं. याहून जास्त घाई करू नको, कारण मैदानी परीक्षेत १६०० मीटरही आहे, अंग जड झालं तर तिथले मार्क जातात.

आता पावडर. ती विष नाही, आईला हे प्रेमानं सांग. दूध फाडलं की जे हिरवट पाणी सुटतं, त्यातलंच प्रोटीन वेगळं करून वाळवतात, एवढंच असतं ते. घेऊन नुकसान नाही, न घेऊनही नाही. भरती झाल्यावर, पगार सुरू झाल्यावर, ड्युटीत जेवायला वेळ मिळेना तेव्हा घे, पक्क्या दुकानातून, डब्यावरचा अन्नसुरक्षेचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर पाहून. आत्ता नको. आणि "मास गेनर" लिहिलेला डबा तर अजिबात नको, त्यात बहुतेक साखरेसारखं पीठच असतं.

पण एका गोष्टीला मी खरंच घाबरते. वजन वाढवायच्या म्हणून सुट्या गोळ्या मिळतात, कागदाच्या पुडीत, नाव नसलेल्या. एक-दोन महिन्यात गाल भरतात, लोक म्हणतात पोरगं सुधारलं. त्यात बऱ्याचदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं, ते गाल मांसानं नाही, पाण्यानं अन् चरबीनं सुजलेले असतात, उलट हातापायाचं मांस झिजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि खूप दिवस घेऊन एकदम बंद केल्या तर जीवावर येतं. तुला कोणी दिल्या असतील, जिममध्ये असो की बाहेर, तर मला लाजू नको. नुकत्याच घेतल्या असतील तर पुढची गोळी घेऊ नको. महिनाभर घेऊन झाल्या असतील तर मनानं एकदम बंद करू नको, पुडी घेऊन डॉक्टरकडे जा, ते हळूहळू कमी करून देतील.

आणि किडनी. निरोगी किडनीच्या माणसाला ९०-९५ ग्रॅम प्रोटीननं किडनी खराब होत नाही, हे आईला सांगायला हरकत नाही. पण आईची भीती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तू दर्यापूर तालुक्यातला आहेस. पूर्णेच्या खोऱ्यातला तो खारपाणपट्टा, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही असं, अन् किडनीचे रुग्ण गावागावात. तुझ्या आईनं शेजारपाजारी डायलिसिसला जाणारी माणसं पाहिली असणार, म्हणून ती तसं बोलते. ज्याची किडनी आधीच कमजोर आहे त्याला प्रोटीन वाढवणं खरंच त्रासाचं ठरतं, अन् कमजोर आहे हे सुरुवातीला अंगाला कळत नाही. म्हणून दाळ-वडी वाढवायच्या आधी ग्रामीण रुग्णालयात जाऊन क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारी रक्ताची तपासणी, अन् लघवीची तपासणी करून घे, सोबत बीपीही मोज. तपासणीच्या आदल्या दिवशी जोरात व्यायाम करू नको, क्रिएटिनिन उगाच थोडं जास्त दिसतं. जाताना आईलाही घेऊन जा, तिचंही रक्त दे तपासायला, त्याच पाण्यावर तीही जगते आहे. दोघांचे आकडे मला पाठव, तुझे बरोबर निघाले की त्याच संध्याकाळपासून वडी भिजत घाल.